लाह्या भाजायची वाळू

निघायच्या दिवशी मी नवे बूट घातले होते. तिकडे थंडी फार म्हणून बारामतीतून घेतलेले, जाड तळव्याचे, तळव्याला नांगरटीसारख्या रेघा. निरवांगीच्या आमच्या अंगणात ते इतके विजोड दिसत होते की दादा म्हणाला, "संगे, जर्मनीला चाललीस का उसाला पाणी धरायला?" सगळे हसले. आई हसली नाही. सकाळचं ऊन नुकतं गोठ्याच्या पत्र्यावर आलं होतं, गाडी दारात उभी होती आणि आई माझ्या तळहातावर दही ठेवत होती. ते खाऊन मी वाकले, तिने डोक्यावरून हात फिरवला आणि वहिनीकडे वळून म्हणाली, "हिचा पोचल्याचा फोन येईस्तवर केरसुणी लावायची न्हाय."

माणूस घराबाहेर पडलं की लगेच केर काढू नये, हे आमच्याकडे सगळेच पाळतात. पण ते तास-दोन तास. माझा प्रवास पुरता दोन दिवसांचा. आमची वहिनी म्हणजे हातात केरसुणी किंवा फडकं नसेल तर आजारी पडेल अशी बाई. ती बिचारी दोन दिवस अंगणातला पाचोळा नुसती बघत बसली. दुसऱ्या दिवशी कोंबड्या अंगण उकरायला लागल्या, तेव्हा आईने कोंबड्या झाकायचं डालगं उचललं आणि माझ्या बुटाच्या एका ठशावर पालथं घातलं. ठसा डालग्याखाली आणि कोंबड्या मोकाट. पोचल्यावर मी फोन केला तेव्हा वहिनीने हे सांगितलं. आम्ही दोघी हसलो. फोन ठेवल्यावर मी त्या परक्या स्टेशनच्या बाकावर बसून, लोक बघत असताना, भोकाड पसरून रडले. एक बाई कागदी रुमालाचं पाकीट माझ्या मांडीवर ठेवून निघून गेली.

त्याला आता आठ वर्षं होतील. हे मी मागे राहिलेल्यांसाठी लिहिते आहे आणि माझ्यासारख्या निघालेल्यांसाठीही. दोघांची एकमेकांवर एक छुपी तक्रार असते. त्यांना वाटतं, हे आपल्याला विसरले. आपल्याला वाटतं, त्यांचं आपल्यावाचून काही अडत नाही. दोघेही फोनवर "बरं आहे" म्हणतात आणि फोन ठेवतात. आमच्या घरात ह्या "बरं आहे"ने काय केलं ते सांगायचं आहे.

आमची मेंढरं होती. मी आठवीत जाईपर्यंत होती, मग बाबांनी विकली आणि शेताच्या राहिलेल्या तुकड्यात भाजी केली, डाळिंब लावलं. मेंढरं होती तेव्हा आई दुपारी त्यांना नीरा नदीवर पाण्याला न्यायची आणि सुट्टीच्या दिवशी मी तिच्याबरोबर जायचे. तेव्हा नदीला वाळू होती. हे आता सांगावं लागतं, कारण आज तिथे चिखल आहे, उघडे पडलेले खडक आहेत आणि जलपर्णी आहे. वाळू ट्रकांनी गेली. कुणाकुणाच्या घरांच्या भिंतींत ती आज असेल.

आईला लिहिता-वाचता येत नव्हतं आणि त्याचं तिला एरवी काही वाटत नसे. पण एकदा इंदापूरच्या स्टँडवर ती कुणाला तरी विचारून एसटीत बसली. सांगणाऱ्याने भलतीच गाडी दाखवली होती. संध्याकाळपर्यंत आई कुठल्या कुठे, कडेवर मी. घरी आल्यावर बाबा काही बोलले नाहीत, पण तिला ते लागलं. मी चौथीत गेल्यावर एका दुपारी नदीवर ती अचानक म्हणाली, "संगे, मला पाटी वाचाया शिकीव. येस्टीची." म्हणून माझ्या आईचा पहिला शब्द 'अ' किंवा 'आई' नव्हता. पहिला शब्द 'निरवांगी'.

मी वाळूत बोटाने लिहायचे, ती त्याच रेघेतून बोट फिरवायची. बरोबर आलं की मी मास्तरीण होऊन तळहाताने वाळू पुसायचे आणि म्हणायचे, "आता न बघता." ती डोळे मिटून लिहायची. कुणी येताना दिसलं की आई पटकन सगळं सपाट करायची. मोठ्या बाईने पोरीकडून अक्षरं शिकायची, ह्याची तिला लाज वाटे. म्हणून ते आमच्या दोघींतलं राहिलं. बाबांनाही बरीच वर्षं ठाऊक नव्हतं. दोन उन्हाळ्यांत ती सगळी अक्षरं शिकली, पण पेन हातात दिला की म्हणायची, "पेन धरला की माजा हात लाकूड हुतो." तिचं लिहिणं वाळूपुरतं राहिलं. ती अक्षरं डोळ्यांनी नाही, बोटाने ओळखायची. हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नव्हतं.

पुढे मी बारामतीला नर्सिंग शिकले, तिथेच काही वर्षं काम केलं. बाबा गेले. जर्मनीत नर्स हव्या आहेत असं कळलं, भाषेचा क्लास लावला आणि एक दिवस ते बूट घातले.

इथे मी एका वृद्धाश्रमात काम करते. मला इथे 'श्वेस्टर संगीता' म्हणतात, म्हणजे सिस्टर. सकाळी 'गुटन मॉर्गन' करत पडदे उघडायचे, अंघोळी घालायच्या, गोळ्या द्यायच्या, डोळ्यांत औषधाचे थेंब घालायचे. गुरुवारी दुपारी हस्तकलेचा तास असतो. तो कुणी घ्यायला तयार नव्हतं म्हणून नव्या नर्सच्या गळ्यात पडला. आम्ही ग्रीटिंग कार्डं करतो. जाड कागद दुमडायचा, त्यावर डिंकाने चित्र काढायचं आणि वरून वाळू भुरभुरायची. थोड्या वेळाने कागद उभा धरून मागे टिचकी मारली की जादा वाळू गळते आणि चित्र उरतं. थरथरत्या हातांना ब्रश धरवत नाही, पण चिमूट सोडता येते. कुणी समुद्र करतं, कुणी वाट. नातवंडांना पाठवतात.

तिथे फ्राऊ मार्था नावाच्या एक आजी होत्या. त्यांना अजिबात दिसत नसे. पहिल्याच गुरुवारी मी त्यांच्या हातात शेजारच्यांचं कार्ड दिलं, नुसतं द्यायचं म्हणून. त्यांनी त्यावर बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "होडी आहे. पण शीड उलट्या बाजूला लावलंय." आणि ते खरं होतं. मी ते कौतुकाने फोनवर घरी सांगितलं आणि विसरले.

आठवण झाली ती चार वर्षांनी, वहिनीच्या फोनवर. "वन्सं, आत्याबाईंना काय तरी झालंय. चहा कपाच्या भायेर वतत्यात." दादाने तिला बारामतीला दवाखान्यात नेलं. काचबिंदू. गेली ती नजर परत येणार नाही, उरली ती थेंब घालून टिकवायची, असं डॉक्टर म्हणाले. मी नर्स. मी रोज सकाळी तीस परक्या डोळ्यांची काळजी घेत होते आणि माझ्या आईचे डोळे चुलीपुढे बसून हळूहळू विझत होते. मला स्वतःची लाज वाटली. आजही वाटते.

फोनचा उपयोग नव्हता. आमच्या घरी फोन म्हणजे स्पीकर. आई ओट्यावर, वहिनी दारात, दादा लोणी देवकरच्या कारखान्यातून आलेला असला तर तोही खाटेवर. दादा चांगला माणूस आहे, पण त्याच्या कंपनीत "आमची संगी जर्मनीला असती" हे शिपायापासून साहेबापर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. अशा दरबारात आई "बरं हाय" शिवाय दुसरं काय म्हणणार? मला तिच्याशी एकटीशी बोलायचं होतं. तेव्हा फ्राऊ मार्था आठवल्या आणि मग नदी आठवली.

पहिलं कार्ड मी दुकानातल्या रंगीत वाळूने केलं. निळीभोर, पिठासारखी बारीक. 'आई' एवढंच लिहिलं. तीन आठवड्यांनी पोचलं. फोनवर आई म्हणाली, "वाळू आपली न्हाय ती. पिठी हाय. बोटाला गावत न्हाय." मला रागच आला. एवढं करून पाठवलं आणि ही बाई वाळूची जात काढते! पण तिचंच बरोबर होतं. मग मी शोधत शोधत पाळीव पक्ष्यांच्या दुकानात गेले. तिथे पिंजऱ्यात पसरायची भरड वाळू पिशवीत मिळते. ती धुतली, खोली गरम ठेवणाऱ्या रेडिएटरवर वाळवली, चाळली. अक्षरं मोठी काढली, एका कार्डावर दोन-तीन शब्द मावतील एवढी. डिंकाची रेघ, वर वाळू, एक दिवस वाळवण, मग झटकणं आणि शेवटी पातळ डिंकाचा एक हात, म्हणजे वाळू सुटत नाही. ते कार्ड मिळालं तेव्हा आईचा आवाज वेगळा होता. "आगं, ह्ये उलटं हाय," ती म्हणाली. "तवा खड्डा व्हता, आता उंचवटा हाय." आणि हसली. पुष्कळ दिवसांनी हसली.

मी त्यात एक खोडी केली. कागद खाकी घेतला, वाळूच्याच रंगाचा. डोळ्यांना ते कार्ड नुसतं खरखरीत, धुळकट दिसायचं. बोटाला मात्र सगळं कळायचं. दादाने एकदा हातात घेऊन बघितलं आणि म्हणाला, "ह्यात काय हाय? पुठ्ठाच हाय की." नदीवर कुणी आलं की आई वाळू सपाट करायची, तसंच हे. दोन वर्षं आमचं असं चाललं. 'बर्फ पडला.' 'थेंब घाल.' 'भाकरी जमली.' ती पुढच्या फोनमध्ये सगळ्यांसमोर, कुणाला न कळेल असं उत्तर द्यायची. "घालती गं, दोन वेळा घालती." वहिनी विचारायची, काय घालता? आई म्हणायची, "कोंबड्यास्नी दाणं."

मग बारामतीहून माझ्या जुन्या मैत्रिणीचा निरोप आला. ती जिथे काम करते त्या दवाखान्यात मुख्य परिचारिकेची जागा निघाली होती. "तुझ्यासाठी दसऱ्यापर्यंत धरून ठेवायला सांगते," ती म्हणाली. बारामतीहून निरवांगी म्हणजे संध्याकाळी घरी. आईच्या डोळ्यांत दोन वेळा थेंब मी घालणार. पण इथलं सगळं सोडायचं, पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं, दादाचा चेहरा पाडायचा. मला ठरवता येईना. म्हणून मी ठरवलं की आईला विचारायचं. ती ये म्हणाली तर जायचं, नको म्हणाली तर राहायचं. पोस्टाला लागणारा वेळ धरला तर कार्ड त्याच दिवशी टाकायला हवं होतं. मी ड्यूटीवरच, हस्तकलेच्या टेबलावर बसले. तिथला म्हाताऱ्यांसाठीचा साधा डिंक घेतला, पाण्याने धुतला जाणारा. खाकी कार्डावर लिहिलं, 'परत येऊ?' वाळू टाकली, झटकली. वरचा शेवटचा हात दिला नाही. वेळच नव्हता. पाकिटात घातलं आणि चालत जाऊन पेटीत टाकलं.

तीन आठवडे मी कसे काढले ते मलाच ठाऊक. मग फोन केला.

"आई, कार्ड मिळालं?"

"मिळालं की."

"वाचलंस?"

मागे दादाच्या टीव्हीचा आवाज येत होता. "वाचलं," ती म्हणाली.

"मग?"

"मग काय? बरं हाय सगळं."

बस. एवढंच. मी पुन्हा विचारलं, "काही म्हणायचं नाही तुला?" तर म्हणाली, "तू तुजं बग. हितलं बरं हाय." मला वाटलं, झालं, उत्तर मिळालं. मी एवढं सगळं सोडून यायला तयार आणि हिला त्याचं काहीच नाही! मी तिरसट आहे, माझं मलाच माहीत आहे. दुसऱ्याच दिवशी मैत्रिणीला नाही म्हणून कळवलं आणि कार्डं करणं बंद केलं. गुरुवारच्या तासाला दुसऱ्यांच्या कार्डांवर वाळू टाकत राहिले, आईसाठी एकही केलं नाही. फोन आठवड्याला करत होते. तिकडून "बरं हाय", इकडून "बरं आहे".

गेल्या श्रावणात सुट्टी मिळाली आणि मी निरवांगीला गेले. आई अंगणात उभी होती आणि माझ्या डावीकडे बघून हसत होती. मी उजवीकडे होते. मी हाक मारली तेव्हा तिने मान वळवली. माझ्या गालांवरून, कानांवरून, वेणीवरून तिने हात फिरवला आणि म्हणाली, "वाळलीस."

दुसऱ्या दिवशी तिच्या ट्रंकेतून तिचं लुगडं काढताना खाली माझी कार्डं दिसली. जुन्या टॉवेलात गुंडाळून, एकावर एक. मी एकेकावर बोट फिरवत गेले. 'थेंब घाल.' 'बर्फ पडला.' सगळ्यात वरचं कार्ड कोरं होतं. गुळगुळीत, खाकी, एका कोपऱ्यात पाच-सहा कण. मी ते उलटून पालटून बघत असताना वहिनी चहा घेऊन आली.

"ह्ये व्हय," वहिनी म्हणाली. "वन्सं, ह्ये आलं तवा नुसता धुरळा व्हता ह्याच्यावर. पाकीट फोडलं तर सगळा केर माज्या वटीत. म्हटलं पोस्टात कुठं मातीत पडलं काय की. आत्याबाईंच्या हाताला घाण नगं म्हणून वल्या फडक्यानं सोच्छ पुसलं, सावलीत वाळीवलं आन मग दिलं." ती अभिमानाने सांगत होती. तिने खरोखर मायेनेच केलं होतं. मला तिच्यावर ओरडावंसं वाटलं आणि ओरडता आलं नाही. धुतला जाणारा डिंक मी वापरला होता. शेवटचा हात मी दिला नव्हता. डोळ्यांना दिसू नये असं कार्डही मीच केलं होतं. वहिनीने फक्त फडकं फिरवलं, आणि ते तर ती जन्मभर फिरवतच आली आहे.

वहिनी गेल्यावर मी आईच्या शेजारी बसले. कोरं कार्ड तिच्या हातात दिलं. तिने ते अंगठ्याने लगेच ओळखलं.

"आई, ह्यावर काही नव्हतंच. वहिनीने पुसून दिलं होतं तुला."

तिचा अंगठा कार्डावरून जात-येत राहिला. "मला वाटलं माज्या बोटाचंच गेलं," ती म्हणाली. "डोळं गेलं, आता बोट बी गेलं. तुला कसं सांगू? म्हणून वाचलं म्हणाली. मग तुजी कार्डं याची थांबली. मला वाटलं, तुला कळलं. आता हिला वाचता येत न्हाय तर कशाला पाठवायची, म्हणून थांबलीस."

एक वर्ष. वर्षभर माझी आई हे मनात घेऊन त्या ओट्यावर बसून होती आणि मी तिच्यावर रुसून बसले होते. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. तिनेच विचारलं, "काय लिवलं व्हतंस?"

"सांगते," मी म्हटलं. पण तोंडाने सांगवेना.

नागपंचमी दोन दिवसांवर होती. वहिनीने लाह्यांसाठी ज्वारी भिजवून सुकत घातली होती आणि माळ्यावरून वाळूचं गाडगं खाली काढलं होतं. लाह्या भाजायला आमच्याकडे वाळूच लागते. कढईत ती तापवायची, त्यात मूठमूठ ज्वारी टाकायची, फुलली की चाळणीने चाळायची. वाळू खाली पडते, लाह्या वर राहतात. वाळू पुन्हा गाडग्यात. ह्या गाडग्यातली वाळू आईने मेंढरं होती तेव्हा नदीवरून आणलेली. इतक्या वेळा तापून ती काळी पडली आहे, पण कण तसेच आहेत, भरड. नीरेची वाळू आमच्या घरात तेवढीच उरली आहे.

मी परातीत ती ओतली, सपाट केली आणि आईच्या पुढ्यात ठेवली. बोटाने लिहिलं आणि तिचा हात धरून परातीच्या कडेला आणला. तिचं बोट पहिल्या अक्षरात उतरलं. हळूहळू शेवटपर्यंत गेलं. प्रश्नचिन्हाच्या टिंबावर थांबलं.

"ह्ये इचारलं व्हतंस?"

"हो."

"तवा कळलं आसतं तर मी नगं म्हणाली आसती," आई म्हणाली. "तवा थोडं दिसत व्हतं. म्हटलं आसतं, पोरीचं तितं चांगलं चाललंय, कशाला माज्यापायी माघारी." तिने तळहाताने वाळू पुसली, मी नदीवर पुसायचे तशी. "आन बराबर केलं आसतं मी. खोटं बोलली आसती, पर बराबर केलं आसतं."

"आणि आता?"

तिने ओसरीकडे कान दिला. वहिनी आत भांडी घासत होती, दादा कामावर होता. मग तिने बोट वाळूत टेकवलं आणि एकच अक्षर काढलं. हात अजिबात लाकूड झाला नाही. मात्रा जरा लांब गेली.

'ये.'

वहिनीची पावलं वाजली तशी आईने परात सपाट केली.

मी परत निघाले तेव्हा साधी चप्पल घातली होती. आईने अंगणात वाकून जमीन चाचपली. "कुठं हाय ठसा?" मी तिचा हात माझ्या पावलाच्या ठशावर ठेवला. ह्या खेपेला डालगं वहिनीनेच आणून दिलं. मी गाडग्यातली ओंजळभर वाळू औषधाच्या रिकाम्या बाटलीत भरून घेतली होती. विमानतळावर एका अधिकाऱ्याने ती बाटली उघडून हुंगली. भाजक्या ज्वारीचा वास त्याला काय कळणार! त्याने झाकण लावून परत दिली.

बारामतीची जागा गेली होती, ती जाणारच होती. इथे येऊन मी नोटीस दिली. वरिष्ठ बाई म्हणाल्या, "श्वेस्टर संगीता, नीट विचार केलात ना?" मी हो म्हटलं. खरं सांगायचं तर भीती वाटते. इंदापूरला एका लहान दवाखान्यात बोलणं चालू आहे, होईलच असं नाही. इथला माझा खिडकीजवळचा रेडिएटर, गुरुवारचं टेबल, पहाटे सहाची ट्राम, हे सगळं मला सुटणार आहे आणि त्याचंही वाईट वाटणार आहे. आठ वर्षं थोडी नसतात. घर एकच असतं असं म्हणणाऱ्यांनी कधी घर सोडलेलं नसतं. पण कुणी तरी माझ्या बोलण्याची वाट बघत आहे आणि मी बोलले की नाही हेही त्याला कळत नाही, असं पुन्हा होऊ द्यायचं नाही, एवढं मला कळलं आहे.

शेवटचं कार्ड मी गेल्या महिन्यात केलं. ह्या वेळी कागद पांढरा घेतला आणि वाळू बाटलीतली, काळी. लांबूनही वाचता येईल असं. आता लपवायचं काही नव्हतं; कार्डावरची वाळू पुसू नको, असं वहिनीलाही फोनवर सांगून ठेवलं. चांगला डिंक घेतला, दोन दिवस वाळवलं, वरून दोनदा हात दिला. त्यावर एकच शब्द लिहिला.

काल वहिनीने व्हिडिओ कॉल केला. "वन्सं, कार्ड आलं. ह्याच्यावर फडकं फिरवलं न्हाय बरं का!" तिने ते कॅमेऱ्यासमोर धरलं. "पर नुसतं 'निरवांगी' लिवलंय. पत्ता तर पाकिटावर हायच की. आत परत कशाला?"

"चुकून लिवला आसंल," खाटेवरून दादा म्हणाला.

"आण हिकडं," आई म्हणाली.

वहिनीने कार्ड तिच्या मांडीवर ठेवलं आणि फोन जवळ नेला. मला फक्त आईचं बोट दिसत होतं. ते पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत गेलं आणि तिथे थांबलं.

"पत्ता न्हाय त्यो," आई म्हणाली. "येस्टीची पाटी हाय. हिकडं येणाऱ्या गाडीची."

मग फोन हलला आणि दादाचा चेहरा आला. तो रागावेल असं मला वाटलं होतं. "कदी?" एवढंच त्याने विचारलं.

"चैत्रात," मी म्हटलं.

त्याने मान हलवली आणि फोन वहिनीकडे दिला. मागे आईचं बोट पुन्हा पहिल्या अक्षरावर आलं होतं. तिने ते कार्ड नाकाजवळ नेलं, हुंगलं आणि परत मांडीवर ठेवलं.

"वाळू आपलीच हाय," ती म्हणाली.